समुद्राचे नियम ठरवताना आपली वही



गटात हप्ता चुकला तर दंड किती, हे कोण ठरवतं? आपणच. सगळ्याजणी बसतो, वाद घालतो, ठरवतो. म्हणून तो नियम टिकतो. समुद्राचंही तसंच आहे.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग म्हणजे गाभा. इथल्या खडकांवर प्रवाळ आहेत, त्यांच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात. मोठा झालेला मासा तिथेच थोडा थांबतो? तो बाहेर येतो, जाळ्यात सापडतो आणि मग आपल्या पाटीत येतो.

तरीही मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला. मासेमारीच बंद झाली तर चूल कशी पेटणार, ही धास्ती खोटी नव्हती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यातच लिहिलं आहे की, समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपायचं. याच कायद्यात अभयारण्यासाठी सल्लागार समितीची तरतूद आहे आणि तिच्यात पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी असतात.

सह-व्यवस्थापन म्हणजे वेगळं काही नाही. वनखातं, मत्स्यखातं, रापणकर, छोटे होडीवाले, पर्यटकांना प्रवाळ दाखवणारे आणि मासे विकणाऱ्या बाया, सगळ्यांनी एकत्र बसून ठरवायचं : कुठे जाळं टाकायचं नाही, कुठे नांगर टाकायचा नाही, जाळ्याचा आस केवढा ठेवायचा. आस बारीक असला की पिल्लंही अडकतात आणि पुढच्या वर्षीची मासळी आजच संपते.

अशा बैठकीला बहुतेक पुरुष जातात. पण मासळी लहान यायला लागली, हे लिलावात आधी कोणाला कळतं? कोणत्या महिन्यात कोणत्या माशाच्या पोटात गाभोळी असते, हे मासे कापणाऱ्या हातांना ठाऊक असतं. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला विश्रांती द्यायची, हे आपल्या वाडवडिलांनी अशाच जाणतेपणातून ठरवलं.

म्हणून आम्ही एक काम सुचवतो. प्रत्येक गटाने एक वही करावी. तारीख, मासा, किती बोटं लांब, गाभोळी होती का, भाव काय मिळाला, एवढंच लिहायचं. हंगाम संपला की वही ग्रामसभेत वाचायची आणि आपल्या पंचायत सदस्याच्या हाती द्यायची. तोंडी तक्रार विसरली जाते, लिहिलेलं सहज बाजूला टाकता येत नाही.

मग येत्या बैठकीत हप्त्याच्या वहीशेजारी ही दुसरी वही ठेवाल ना?