जे-१ व्हिसा : परतीची तारीख आधी वाचावी

हुंडी हाती आली की व्यापारी प्रथम तिची मुदत पाहतो, मग रक्कम. पेढीवर पिढ्यान्‌पिढ्या बसून अंगवळणी पडलेली ही सवय आहे. परंतु घरातील शिक्षिका मुलीला किंवा सुनेला अमेरिकेतील शाळेकडून बोलावणे आले, की तीच माणसे प्रथम डॉलरमधील पगार पाहतात, त्याला विनिमय दराने गुणतात आणि मुदत पाहायची राहून जाते. निवृत्तीनंतर अशा काही कुटुंबांचे हिशेब मांडून देण्याचे काम माझ्याकडे अधूनमधून येते. प्रत्येकाला मी प्रथम एकच गोष्ट सांगतो : शिक्षकांना मिळणारा जे-१ व्हिसा म्हणजे परदेशी स्थायिक होण्याचा दाखला नव्हे. ती मुदत ठेव आहे आणि मुदतपूर्तीचा विचार पहिल्याच दिवशी करावयाचा असतो.

या व्हिसाचे मूळ १९६१ च्या एका अमेरिकी कायद्यात आहे. परस्पर शैक्षणिक व सांस्कृतिक आदानप्रदान हा त्याचा हेतू. विद्यार्थी, संशोधक, डॉक्टर आणि शालेय शिक्षक अशा अनेक वर्गांसाठी हा व्हिसा दिला जातो व त्याची देखरेख तेथील परराष्ट्र खाते करते. शिक्षकाने यावे, शिकवावे, आपल्या देशाची ओळख करून द्यावी आणि अनुभव घेऊन मायदेशी परतावे, अशी त्याची मूळ कल्पना आहे. म्हणूनच नियमानुसार दरवर्षी शिक्षकाने किमान दोन सांस्कृतिक उपक्रम करावयाचे असतात : एक, तेथील शाळेला वा समाजाला आपल्या देशाची ओळख करून देणारा, दुसरा, तेथील विद्यार्थ्यांचा परदेशातील, शक्यतो शिक्षकाच्या मायदेशातील, विद्यार्थ्यांशी संवाद घडविणारा. अनेकजण ही औपचारिकता समजतात. वास्तविक या व्हिसाचा प्राण तेथेच आहे.

पात्रता कोणाची?

अर्जदाराकडे शिक्षणशास्त्राची किंवा आपल्या विषयाची, अमेरिकी पदवीशी समकक्ष ठरणारी पदवी असावी लागते. पूर्णवेळ अध्यापनाचा किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. अर्ज करतेवेळी मायदेशी शिक्षक म्हणून नोकरी चालू असावी. नसल्यास गेल्या बारा महिन्यांत उच्च पदवी पूर्ण केलेली असावी. याखेरीज ज्या राज्यातील शाळेत शिकवावयाचे, त्या राज्याच्या अटी वेगळ्या. आपली तीन वर्षांची पदवी एकटी असेल, तर काही मूल्यांकन संस्था ती तेथील चार वर्षांच्या पदवीला समकक्ष मानत नाहीत; बी.एड. जोडले असता बाजू भक्कम होते. म्हणून गुणपत्रकांचे समकक्षता मूल्यांकन हे पहिले पाऊल. ते झाल्याशिवाय नोकरीचा राजीनामा देऊ नये व कोणाला आगाऊ रक्कमही देऊ नये.

तीन पक्ष, तीन कागद

या व्यवहारात तीन पक्ष असतात. पहिला प्रायोजक, म्हणजे परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली संस्था. दुसरी शाळा, जी पगार देते. तिसरी वकिलात, जी व्हिसा देते किंवा नाकारते. प्रायोजक डीएस-२०१९ नावाचे पत्र देतो. त्यावर कार्यक्रमाच्या आरंभाची व समाप्तीची तारीख असते. सुरुवातीची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची. पुढे एक किंवा दोन वर्षांची वाढ मिळू शकते. अशी एकूण कमाल पाच वर्षे. आरंभाच्या तारखेपूर्वी तीस दिवसांपेक्षा लवकर देशात प्रवेश नाही आणि समाप्तीनंतर तीस दिवसांत देश सोडावयाचा, असा नियम आहे.

डीएस-२०१९ हाती आल्यावर सेविस नावाच्या नोंदप्रणालीचे २२० डॉलर आणि व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर भरावे लागतात. २०२५ च्या एका कायद्यात आणखी २५० डॉलर आकारण्याची तरतूद झाली आहे, म्हणून भरणा करण्यापूर्वी वकिलातीच्या अधिकृत संकेतस्थळावर चालू दर पाहावेत. त्यानंतर डीएस-१६० अर्ज व प्रत्यक्ष मुलाखत. महाराष्ट्रातील बहुतेकांची मुलाखत मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत होते. २०२५ पासून जे वर्गातील अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरील खाती सार्वजनिक ठेवण्यास सांगितले जाते, याचीही नोंद घ्यावी.

मुलाखतीत अधिकाऱ्याला मुख्यतः एक गोष्ट पटावी लागते : ही व्यक्ती मुदत संपल्यावर परतेल. मायदेशी घर, कुटुंब, नोकरी वा व्यवसाय आहे आणि परतल्यावर काय करणार याची स्पष्ट कल्पना आहे, हे साध्या शब्दांत सांगता आले पाहिजे. पाठ केलेली उत्तरे उपयोगी पडत नाहीत. व्हिसा नाकारला गेल्यास अर्जाचे शुल्क परत मिळत नाही.

मध्यस्थ आणि कर्ज

मान्यताप्राप्त प्रायोजकांची यादी अमेरिकी परराष्ट्र खाते सर्वांसाठी खुली ठेवते. कोणाही मध्यस्थाच्या बैठकीस जाण्यापूर्वी ती पाहावी. प्रायोजकाने आपले शुल्क, अंदाजे खर्च आणि विम्याची माहिती प्रस्थानापूर्वी देणे अपेक्षित आहे. ही माहिती लेखी मागावी. मिळत नसेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

याचे कारण एका प्रसिद्ध खटल्यातून कळते. लुईझियाना राज्यातील शाळांसाठी फिलिपीन्समधून सुमारे साडेतीनशे शिक्षक नेण्यात आले होते. त्यांचा व्हिसा एच-१बी होता, जे-१ नव्हे. पण धडा तोच आहे. बहुतेकांनी सुमारे सोळा हजार डॉलर शुल्कापोटी भरले होते आणि अनेकांनी त्यासाठी भारी व्याजाने कर्जे काढली होती. डिसेंबर २०१२ मध्ये संघीय न्यायालयातील ज्युरीने त्यांना ४५ लाख डॉलर भरपाई मंजूर केली. न्याय मिळाला, पण मधली वर्षे कर्जाच्या ओझ्याखाली गेली. ज्याच्या डोक्यावर व्याज चढत असते, तो वाईट अटींपुढेही मान तुकवतो. म्हणून जाण्याचा खर्च घरच्या शिलकीतून होत असेल, तरच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे उतरल्यावर घरभाड्याची अनामत, बहुतेक गावी लागणारी मोटार आणि पहिला पगार हाती येईपर्यंतचा घरखर्च यांसाठीही रक्कम बाजूला ठेवावी.

दोन वर्षांचे दोन नियम

‘दोन वर्षे परत यावेच लागते’ असे सरसकट सांगितले जाते. हे दोन वेगळे नियम आहेत. पहिला, मायदेशी दोन वर्षे राहण्याची सक्ती. तो पाळल्याशिवाय एच, एल किंवा कायम वास्तव्याचा व्हिसा मिळत नाही. कौशल्य यादीमुळे तो पूर्वी अनेक भारतीयांना लागू होई. ९ डिसेंबर २०२४ रोजी सुधारलेल्या यादीतून भारताचे नाव वगळले गेले. मात्र सरकारी निधीतून गेलेल्यांना, उदाहरणार्थ फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांना, ही सक्ती कायम आहे. दुसरा नियम, शिक्षक म्हणून पुन्हा जे-१ वर जावयाचे असल्यास आधी दोन वर्षे अमेरिकेबाहेर राहावे लागते. यादीतील बदलाने तो बदललेला नाही.

कराचा हिशेब

भारत-अमेरिका करकराराच्या बाविसाव्या कलमानुसार, दोन वर्षांपेक्षा अधिक नसलेल्या काळासाठी शिकवावयास गेलेल्या शिक्षकाच्या पगारावर तेथील प्राप्तिकर लागत नाही. हे ऐकून अनेकजण शाळेकडे ८२३३ क्रमांकाचा फॉर्म भरून करकपात थांबवितात. पण दोन वर्षांची मर्यादा ओलांडली, तर सवलत पहिल्या दिवसापासून रद्द होते. समजा, सांगलीची एक गणित शिक्षिका ऑगस्ट २०२६ मध्ये तीन वर्षांच्या करारावर गेली. तिने ही सवलत घेतली, तर तिसऱ्या वर्षी मागील सर्व कर व्याजासह भरण्याची पाळी येईल. करार तीन वर्षांचा असेल, तर ही सवलत घेऊच नये.

तिच्याच उदाहरणात आणखी एक तारीख महत्त्वाची. २०२६ व २०२७ या दोन कॅलेंडर वर्षांत ती करदृष्ट्या अनिवासी. १ जानेवारी २०२८ पासून निवासी. त्या दिवसापासून पगारातून सामाजिक सुरक्षा व मेडिकेअरपोटी ७.६५ टक्के कपात सुरू होते. तेथील निवृत्तिवेतनासाठी साधारण दहा वर्षांचे काम लागते आणि उभय देशांत सामाजिक सुरक्षा करार नाही. त्यामुळे हा पैसा परत येईल असे धरू नये. शिवाय निवासी झाल्यावर जगभरातील उत्पन्न तेथे दाखवावे लागते : इथल्या ठेवींचे व्याज, घरभाडे, कौटुंबिक पेढीतील भागीदारीचा नफा, सगळे. परदेशी खात्यांतील एकूण शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरवर गेली, तर त्या खात्यांचे वेगळे विवरणपत्र द्यावे लागते. त्यात संयुक्त खाती आणि केवळ सहीचा अधिकार असलेली खातीही मोजली जातात. आपल्या घरांत सुनेचे नाव पेढीच्या भागीदारीत आणि सासूबाईंच्या ठेवींत असणे नित्याचे आहे. प्रस्थानापूर्वी सनदी लेखापालासमवेत बसून ती नावे कोठे ठेवावयाची, हे ठरवावे.

घरची बाजू

नोकरीसाठी परदेशी निघताच बँकेस कळवून निवासी बचत खाते एनआरओ करून घ्यावे आणि तेथून येणाऱ्या पैशासाठी एनआरई खाते उघडावे. एनआरई ठेवीचे व्याज भारतात करमुक्त असते. अमेरिकेत निवासी झाल्यावर मात्र ते तेथे दाखवावे लागते. जुने पीपीएफ खाते मुदतीपर्यंत चालू ठेवता येते, त्यापुढे वाढविता येत नाही. कायमचे परतल्यावर डॉलर आरएफसी खात्यात ठेवण्याची सोय आहे.

पती व एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलांना जे-२ व्हिसा मिळू शकतो. जे-२ वरील पतीला परवानगी घेऊन काम करता येते. मात्र ते उत्पन्न शिक्षिकेच्या निर्वाहासाठी आहे असे दाखविता येत नाही. विमा सर्वांना सक्तीचा : प्रत्येक आजारामागे किमान एक लाख डॉलर, वैद्यकीय स्थलांतरासाठी पन्नास हजार आणि अप्रिय प्रसंगी पार्थिव मायदेशी आणण्यासाठी पंचवीस हजार. मुले नेली, तर ती परतताना कोणत्या इयत्तेत असतील आणि इथल्या कोणत्या अभ्यासक्रमात बसतील, तेही आताच पाहावे. पती दुकानासाठी मागे राहणार असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांच्या औषधपाण्याची जबाबदारी कोणाकडे, हे सर्वांदेखत ठरलेले असावे. मुलगी वा सून तिकडे एकटी असताना ही भांडणे फोनवरून मिटत नाहीत.

एवढे वाचून कोणी कचरू नये. परदेशी वर्गात तीन वर्षे शिकवून आलेली शिक्षिका इथल्या शाळेस फार काही देऊ शकते. आपल्या मुलींनी जरूर जावे. फक्त घरच्या वहीत पहिल्या पानावर पगार न लिहिता परतीची तारीख लिहावी. तिच्या खाली खर्च, कर, विमा व मुलांची इयत्ता मांडावी. बेरीज जमेच्या बाजूला आली, तर तिकीट काढावे.