चार वाजता काय करता?

गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या रक्ताचा अहवाल आला आणि आमच्या घरातल्या साखरेच्या डब्यानं जागा बदलली. खालच्या फळीवरून तो वरच्या फळीवर गेला, माझा हात सहजी पोचणार नाही अशा बेतानं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा जो आकडा असतो, तो माझा ६.२ होता. ५.७ च्या खाली असला तर ठीक, ६.५ झाला की मधुमेह, आणि मधली माणसं उंबरठ्यावरची. डॉक्टर म्हणाले, "गोळी आत्ता नको. वजन सात टक्क्यांनी उतरवा, आठवड्याला दीडशे मिनिटं चाला. सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

मी पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं नोकरी केली. कालव्याचं पाणी कुठं अडवायचं ते मला कळतं. जिभेपुढे मात्र आमचा दरवाजा कायम उघडा. तेव्हा मदत घेणं आलं, आणि ती एकदम दोन बाजूंनी आली.

डॉक्टरांच्या दवाखान्यात दर दुसऱ्या शनिवारी एक आहारतज्ज्ञ येतात. वयानं माझ्या सुनेएवढ्या, पण आम्ही सगळे त्यांना मॅडमच म्हणतो. त्यांनी मला शंभर पानी वही आणायला सांगितली. रोज काय खाल्लं, किती चाललो, ते तिच्यात लिहायचं आणि पंधरा दिवसांनी दाखवायचं. त्याच आठवड्यात बंगळूरहून मुलगा आला. त्यानं माझ्या मोबाईलवर एक बोलका कार्यक्रम बसवून दिला. "बाबा, हा तुमचा कोच. रात्री दोन वाजता विचारलं तरी उत्तर देईल. आणि मराठीत!"

अशा रीतीनं या सांगलीकराला एका आठवड्यात दोन गुरू लाभले. एक हाडामांसाचा, एक खिशातला. आणि आज कबूल करायला हरकत नाही, पहिले दोन महिने मी यंत्राला सगळं खरं सांगत होतो आणि माणसाला धादांत खोटं.

मोबाईलवर मी लिहायचो, 'आज चार वाजता दोन जिलब्या खाल्ल्या.' तो लगेच म्हणायचा, 'प्रामाणिकपणे सांगितल्याबद्दल अभिनंदन! एका दिवसानं काही बिघडत नाही. उद्या नवी सुरुवात करू या.' दुसऱ्या दिवशी मी लिहायचो, 'आज तीन.' पुन्हा अभिनंदन, पुन्हा नवी सुरुवात. वहीत मात्र त्याच चार वाजता माझं एक पेरू खाऊन झालेलं असायचं. मॅडमसमोर जिलबी लिहायची लाज वाटायची, एवढंच त्याचं कारण. पोरीच्या वयाच्या बाईनं मान हलवली तर काय घ्या!

आता हे चालायचं नि मोजायचं खूळ डॉक्टरांच्या डोक्यात आलं कुठून, असं एखाद्याला वाटेल. त्यामागे एक मोठा प्रयोग आहे. अमेरिकेत १९९६ ते २००१ या काळात माझ्यासारख्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ माणसांवर तो झाला. काहींना मेटफॉर्मिनची गोळी दिली, काहींना नुसती दिसायला तशीच बिनऔषधाची गोळी, आणि काहींना गोळीऐवजी एक माणूस दिला. हा माणूस शिकवणार, वजन विचारणार, अडचण आली की वाट काढून देणार. २००२ साली निकाल छापून आला. बिनऔषधाच्या गटाच्या तुलनेत मेटफॉर्मिननं मधुमेहाचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं होतं, आणि माणूस दिलेल्या गटात ५८ टक्क्यांनी. वजन सात टक्के, चालणं दीडशे मिनिटं, हे आकडे तिथले.

मग प्रश्न उरतो तो माणसं आणायची कुठून, हा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या अंदाजानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत. या सगळ्यांच्या वह्या तपासायला किती मॅडम लागतील, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. आमच्याच दवाखान्यात पंधरा दिवसांतून एक शनिवार आणि बाहेर बाकावर तीस माणसं. जतसारख्या तालुक्यातल्या आडवाटेच्या वाडीवर तर तेवढंही नाही. तेव्हा यंत्राला नाकं मुरडणं मला तरी शोभत नाही.

यंत्रापाशी मन मोकळं करणं हेही आजकालचं नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाम यांनी एक कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करायचा. म्हणजे काय, तर तुमचंच वाक्य फिरवून तुम्हाला प्रश्न विचारायचा. 'मला बरं वाटत नाही' म्हटलं की 'तुम्हाला बरं वाटत नाही हे वाईट झालं' इतपत त्याची अक्कल. वायझेनबाम यांच्या सेक्रेटरी बाई हे सगळं काम महिनोन् महिने डोळ्यांसमोर बघत होत्या. पण त्यांनीही त्याच्याशी चार वाक्यं बोलल्यावर साहेबांना सांगितलं, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? शास्त्रज्ञ चक्रावले. इतके, की पुढे १९७६ साली त्यांनी यंत्राकडे कोणती कामं देऊ नयेत यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं.

त्या कार्यक्रमाचं नाव होतं एलायझा. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातली फुलं विकणारी मुलगी, तिचं हे नाव. तिला आपण मराठी माणसं चांगलं ओळखतो. १९७५ साली पु. ल. देशपांडे यांनी तिला 'ती फुलराणी' करून आपल्या रंगभूमीवर आणलं. शिकवाल तसं बोलणारी ती मुलगी, म्हणून यंत्राला तिचं नाव. पण नाटकातली मुलगी शेवटी मास्तरांनाच सुनावते. यंत्र सुनावत नाही.

माझ्या जिलब्यांची भानगड इथेच होती. ज्याला खरं सांगितल्यानं आपलं काहीच जात नाही, त्याला खरं सांगणं सोपं. पण त्यातून पुढे काही घडतही नव्हतं. ज्याच्यापुढे काही गमावण्याची भीती होती, तिथे मी पेरू लिहीत होतो.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी मॅडमनी वही उघडली. नेहमीप्रमाणे पेरूवरून बोट फिरवलं. दोन पानं उलटली, परत मागे आल्या. मग वही मिटून म्हणाल्या, "काका, हे पंधरा दिवस तुम्ही काल रात्री एका बैठकीत लिहिलेत ना?"

मी गप्प. पंधरा दिवसांचा मजकूर, एकच पेन, एकसारखं अक्षर, आणि शेवटच्या चार दिवसांत हात दुखल्यामुळे वाकड्या झालेल्या ओळी. सरकारी नोकरीत मी कैक मोजमापवह्या अशाच ओळखून काढल्या होत्या. आज आपणच सापडलो.

त्या रागावल्या नाहीत. शाबासकीही दिली नाही. त्यांनी फक्त विचारलं, "चार वाजता काय करता?"

काय सांगणार? निवृत्तीनंतर दुपारची झोप होते, जाग येते आणि घड्याळात चार वाजलेले असतात. ३४ वर्षं चार वाजता ऑफिसबाहेरच्या हॉटेलात आमचं पाच जणांचं टेबल असे. साहेबाला नावं ठेवणं, पोरांची लग्नं, पावसाचा अंदाज, सगळं तिथे. आता पाय आपोआप तिकडेच वळतात. पण पाचांतले दोघे गेले, एक पुण्याला मुलाकडे. नुसता चहा घेऊन तासभर बसलं की मालक बघतो, म्हणून जिलबी मागवायची. हे सगळं मी बोलून गेलो तेव्हा माझं मलाच नवल वाटलं. दोन महिन्यांत मोबाईलला जिलब्या किती ते बिनचूक सांगितलं होतं, पण हॉटेलात समोरची खुर्ची रिकामी असते हे सांगायचं सुचलंही नव्हतं. आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "जिलबी सोडा असं मी म्हणत नाही. उरलेल्या मित्राला फोन करा. चार वाजता हॉटेलाऐवजी आयर्विन पुलावर भेटा."

गोष्ट इथे संपवली असती तर माणूस जिंकला, यंत्र हरलं, असा छान शेवट झाला असता. पण पुढची हकीकत तशी नाही. २०२५ च्याच ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उंबरठ्यावरच्या ३६८ माणसांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना माणसांनी चालवलेल्या वर्गाकडे पाठवलं, बाकीच्यांना फोनमधला कार्यक्रम आणि त्याला जोडलेला वजनकाटा दिला. वर्षानंतर ठरवलेलं उद्दिष्ट किती जणांनी गाठलं? माणसांकडे ३१.९ टक्के, यंत्राकडे ३१.७. म्हणजे बरोबरी. वर कार्यक्रम सुरू करणारे आणि पुरा करणारे यंत्राच्याच गटात जास्त. मला हे वाचून थोडा रागच आला. मग शांतपणे पुन्हा वाचलं. कोविडमुळे माणसांचे वर्गही समोरासमोर नव्हते, दूरवरून चालले होते. वहीच्या शाईवरून कुणाचं बोट फिरलं नव्हतं. आणि दोन्हीकडे दर तिघांतले दोघे उद्दिष्टापर्यंत पोचले नाहीत, हेही तितकंच खरं. ते दोघे चार वाजता काय करत होते, हे आकड्यांत येत नाही.

नोव्हेंबरात मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्यांच्या जागी दुसरं कुणी आलं नाही. माणसाला रजा लागते, त्याचं पोट असतं, त्याला घर असतं. डिसेंबरात एका रात्री मला दरदरून घाम फुटला तेव्हा बायकोला उठवण्याआधी मी मोबाईललाच विचारलं होतं. त्यानं बरं सांगितलं: छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल तर थांबू नका, घरच्यांना उठवा आणि १०८ ला फोन करा. मी हिला उठवलं. पित्त निघालं, पण सल्ला योग्य होता.

तरी डोळे मिटून विसंबू नये. २०२३ साली अमेरिकेत खाण्याच्या विकारांनी त्रस्त लोकांसाठी असलेल्या एका संस्थेचा बोलका कार्यक्रम बंद करावा लागला. ज्यांना वजनाच्या ध्यासानंच आजारी पाडलं होतं, त्यांना तो वजन उतरवण्याच्या युक्त्या सांगत होता. आणि यंत्र थकत नसलं तरी कंपनी थकते. मनाला धीर देणारं 'वोबॉट' नावाचं ॲप २०१७ पासून लाखो लोकांच्या हाती होतं. ते जून २०२५ अखेर बंद झालं.

तेव्हा आमच्याकडे आता कामाची वाटणी झाली आहे. पावलं मोबाईल मोजतो, तांदळाऐवजी काय खावं ते तोच सांगतो, आणि ते तो मॅडमइतकंच नीट सांगतो. खाल्लेलं मात्र वहीत, ज्या दिवशीचं त्या दिवशी. डिसेंबरातला आकडा ५.९ आला. चार वाजता आम्ही दोघं पुलावर असतो. अलीकडे मित्राचे एक व्याहीही येतात, त्यांचा आकडा माझ्यापेक्षा मोठा आहे.

मॅडम मे महिन्यात परत यायच्या आहेत. वही सध्या कोणीच तपासत नाही. २६ जानेवारीला झेंडावंदनाहून येताना रिवाजाप्रमाणे जिलबी घरी आली. त्या रात्री मी वही काढली आणि लिहिलं: जिलब्या दोन. निळं पेन संपत आलं होतं, म्हणून दुसरी ओळ काळ्या शाईत आहे.