असं का? : पोटाखाली तोफ की टाकी?

यवतमाळच्या बाजारातून निघालेल्या स्कूटरवर पाय ठेवायच्या जागेत गॅस सिलिंडर उभा केला, की सरकीच्या पोत्याला तिथे थारा नसतो. एकच जागा, दोन गरजा.

नाशिकजवळच्या ओझरला तयार झालेल्या मिग-२१ एफएलची नेमकी हीच अडचण होती. क्षेपणास्त्रांच्या भरात या विमानाला अंगची तोफच दिली नव्हती. पंखांखाली दोन क्षेपणास्त्रं, बस्स! मग पोटाखालच्या खुंटीला जीपी-९ हा तोफेचा डबा टांगायची सोय झाली. पण जादा इंधनाची टाकीही त्याच खुंटीला लागायची. तोफ घेतली की टाकी घरी.

तरी हा डबा वाया गेला नाही. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी एफएलच्या तोफेनेच पाकिस्तानचं एफ-१०४ पाडलं.

पुढच्या मिग-२१ एम या भावंडात २३ मिलिमीटरची दुनळी तोफ पोटातच बसवली. स्कूटरला डिक्की मिळावी, तसं. मधली खुंटी टाकीसाठी मोकळी झाली. पंखांखालच्या खुंट्याही दोनाच्या चार झाल्या, म्हणजे क्षेपणास्त्रं आणि बॉम्ब यांचा मेळ घालता येऊ लागला.

फुकट मात्र काही मिळालं नाही. वजन वाढलं, इंजिन जवळपास तेच राहिलं. भरलेल्या पोत्यासह घाट चढणारी स्कूटर जशी धापा टाकते, तसं एम चढाईत एफएलइतकं चपळ नव्हतं.