तासाने मोजलेला प्राध्यापक



मी प्राध्यापक नव्हे. माझे शिक्षण रात्रशाळेत, वाचनालयात आणि गेटसभांत झाले. तेव्हा महाविद्यालयीन अध्यापनावर मी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण मी शिकविण्याविषयी बोलणार नसून शिकविणाऱ्याच्या मजुरीविषयी बोलणार आहे. आणि मजुरी हा विषय मला थोडाबहुत समजतो.

माझे वडील परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे काय हे पूर्वी लालबाग-परळमध्ये सांगावे लागत नसे. आज सांगावे लागेल. कायम कामगार गैरहजर राहिला की त्याचे साचे त्या दिवसापुरते ज्याला मिळत, तो बदली. पाळीच्या वेळी गिरणीच्या दारावर उभे राहावयाचे. काम मिळाले तर हजेरी, नाही तर परत घर. एके काळी हे काम वाटणे सर्वस्वी जॉबरच्या मर्जीवर असे. १९३० नंतरच्या दशकात बदलीवाल्यांना कार्डे देण्याची पद्धत आली आणि मर्जीच्या जागी निदान यादी आली.

आमच्या चाळीत अशाच एका बदलीवाल्याची मुलगी राहते. एम.ए. झाली, सेट परीक्षा उत्तीर्ण झाली, आणि आज एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा तिचे वर्ग पडद्यावर गेले. टाळेबंदी उठली, पण तिचे काही तास ऑनलाइनच राहिले. बाप गिरणीच्या दारावर उभा राहत असे. मुलगी घरातच पडद्यासमोर बसते. फरक इतकाच, असे मला प्रथम वाटले. हिशेब मांडला तेव्हा फरक आणखीही आहे असे दिसले.

तासिका तत्त्व म्हणजे जितके तास घेतले तितक्याच तासांचे मानधन. सुट्टीचे नाही, दिवाळीचे नाही, मे महिन्याचे तर नाहीच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी एका व्याख्यानास १५०० रुपये आणि महिन्यास अधिकाधिक ५०,००० रुपये अशी मर्यादा सांगितली. महाराष्ट्रातील शासकीय दर याहून कमी राहिले आहेत. तरी आपण मोठाच आकडा धरू. एका तासाच्या व्याख्यानाची तयारी समजा दोन तास. हजेरी भरणे, टिपणे पाठविणे, वह्या तपासणे आणि रात्री दहा वाजता फोनवर आलेल्या शंकांना उत्तरे देणे, यांस मिळून आणखी एक तास. म्हणजे काम चार तासांचे, आणि तासाला पडले ३७५ रुपये. महिन्याची मर्यादा गाठावयाची तर ३३ व्याख्याने, म्हणजे १३२ तासांचे काम हवे. नावाला अर्धवेळ असलेले हे काम असे पाऊण दिवस खाऊन टाकते.

आता साच्यांकडे पाहू. वडिलांचे साचे मालकाचे होते; वीज मालकाची, छप्पर मालकाचे. या मुलीचा साचा म्हणजे लॅपटॉप. तो तिने हप्त्याने घेतला. वीज तिची, इंटरनेट तिचे, आणि छप्पर म्हणजे दहा बाय बाराची खोली. तास सुरू झाला की तिची आई मिक्सर बंद ठेवते आणि म्हातारे वडील खोकला आवरीत गॅलरीत जाऊन बसतात. या सगळ्याचे भाडे कोणत्याही मानधनपत्रकात लिहिलेले नसते.

याहून गंभीर गोष्ट मुद्रणाची. तिची व्याख्याने मुद्रित झाली, दुसऱ्या वर्षी नव्या वर्गाला तीच दाखविण्यात आली, आणि तिचे तास कमी झाले. विणलेले कापड एकदाच विकले जाते. हे कापड मात्र पुन्हापुन्हा विकता येते. कायदा येथे अगदीच मुका नाही. कॉपीराइटच्या १९५७ च्या कायद्यात पुढे ज्या सुधारणा झाल्या, त्यांनी व्याख्यान देणाऱ्यालाही कलावंतासारखे हक्क दिले आहेत. त्याच्या संमतीवाचून मुद्रण करता येत नाही. नोकरीत केलेल्या कामाची मालकी सामान्यतः मालकाकडे जाते, हे खरे. परंतु जिला संस्था आपली नोकर म्हणावयास तयार नाही, तिचे काम मात्र आपले म्हणते, हा कोणता न्याय?

मग कामगार न्यायालयात का जाऊ नये? येथेच अडचण आहे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थाही 'उद्योग' ठरू शकते असे म्हटले. पुढे गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात, १९८८ मध्ये, त्याच न्यायालयाने शिक्षक हा 'कामगार' नव्हे असा निर्णय दिला. शिकविणे हे उदात्त कार्य आहे, असे त्याचे कारण. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्या व्याख्येत पत्रकाराचा आणि विक्री-प्रतिनिधीचा उल्लेख आहे, शिक्षकाचा नाही. उदात्तपणाचा मान मोठा खरा. पण तो वाण्याच्या दुकानात चालत नाही.

तरी निराश होण्याचे कारण नाही. ग्रॅच्युइटीच्या बाबतीत २००४ मध्ये शिक्षक असेच बाहेर राहिले होते. संसदेने २००९ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि ३ एप्रिल १९९७ पासून त्यांना आत घेतले. कायदा माणसांनी केलेला असतो व माणसेच तो बदलू शकतात.

अर्धवेळ अध्यापन मुळातच वाईट, असे माझे म्हणणे नाही. वकिलाने आठवड्यातून दोन तास कायदा शिकवावा, हे उत्तमच. पण कायम जागेचे तुकडे करून ते चौघांत वाटणे ही निराळी गोष्ट आहे. आयोगाच्याच २०१८ च्या नियमांत कंत्राटी नेमणुका एकूण जागांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत, असे म्हटले आहे.

तेव्हा मागणे साधे आहे. नेमणूक लेखी असावी. मानधन दरमहा मिळावे. तयारी आणि तपासणी यांचे तास हिशेबात धरावेत. मुद्रणास वेगळी संमती आणि वेगळा मोबदला असावा. आणि कायम प्राध्यापकांनी आपल्या संघटनांत या मंडळींना शेजारी बसवावे. गिरणीत कायम कामगार आणि बदलीवाला वेगळे पडले की दोघांचेही नुकसान होई, हे आम्ही फार किंमत देऊन शिकलो.

श्रोत्यांपैकी ज्यांची मुले ऑनलाइन वर्गांत बसतात, त्यांना एकच विनंती. पडद्यावरच्या बाईंना या महिन्याचे पैसे मिळाले का, हे एकदा महाविद्यालयाला विचारा. फी आपण भरता. विचारण्याचा अधिकार आपला आहे.