चार शिट्ट्या की आठ तास?

हॉस्टेलवर मटणाबद्दल एकच टेक्निकल प्रश्न विचारला जातो, "किती शिट्ट्या?" त्यामुळे स्लो कुकरमध्ये मटण आठ तास शिजतं असं सांगितल्यावर माझा रूम पार्टनर म्हणाला, "चार शिट्ट्यांत होते ना बे, मंग आठ तास कायले?" प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर देतो.

आधी पदार्थ. हंगेरीतला 'गुयाश'. गुयाश म्हणजे गुराखी. माळरानावर गुरं राखणारी ही माणसं मोठ्या कढईत कांदा, मांस आणि लाल मिरची तासन्‌तास रटरटत ठेवायची. मिरची मूळची अमेरिकेची. आपल्याकडे ती पोर्तुगीजांनी आणली, हंगेरीत तुर्कांच्या काळात पोहोचली. तिथल्या सेगेद शहरात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी मिरचीतून भरपूर व्हिटॅमिन सी वेगळं काढलं. त्यांना १९३७ साली नोबेल मिळालं. म्हणजे आपल्या भिवापुरी मिरचीची ही सौम्य चुलत बहीणच!

मूळ गुयाश गोमांसाचा. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि पोळ्याला बैल सजवणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात तसा आग्रह कोण धरणार? आपण बोकडाचं मटण घेऊ. सायन्स बदलत नाही.

आता सायन्स. खांद्याचं किंवा पायाचं मटण चिवट असतं, कारण त्यात कोलॅजन जास्त. हे कोलॅजन सुमारे ७० अंशांच्या वर हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं. त्यानेच रस्सा दाट होतो. प्रेशर कुकर हेच काम सुमारे १२० अंशांवर अर्ध्या-पाऊण तासात करतो. मग फरक काय? कुकरमध्ये दहा मिनिटं जास्त झाली तर मटणाचे दोरे होतात. स्लो कुकर उकळीच्या जरा खालीच राहतो, म्हणून अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. शिवाय शेगडीजवळ कुणी उभं राहायला नको. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजणाऱ्या आपल्या आजीला हे तत्त्व समजावून सांगावं लागणार नाही.

चार जणांची कृती अशी. पाऊण किलो मटण, अर्धा किलो कांदा, दोन टोमॅटो, एक ढोबळी मिरची, तीन बटाटे, लसूण, थोडं शहाजिरं, मीठ. कांदा तेलात मऊ होईपर्यंत परता. गॅस बंद करा आणि मगच दोन मोठे चमचे काश्मिरी किंवा ब्याडगी तिखट घाला. तिखटाचा रंग तेलात सुटतो, पण कडकडीत तेलात ते करपून कडू होतं. बटाटे तळाशी आणि कडेला लावा, कारण या तापमानाला बटाटा मटणापेक्षा उशिरा शिजतो. वर मटण आणि बाकी सगळं. पाणी फक्त एक कप, कारण वाफ बाहेर जात नाही. 'लो'वर आठ तास. मध्ये झाकण उघडायचं नाही. प्रत्येक वेळी उघडलं की वीस-तीस मिनिटं वाढली समजा.

आता ज्यासाठी खरं तर हा लेख लिहिला, ते तीन मुद्दे.

एक, राजमा. स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा कधीही टाकू नका. त्यातलं लेक्टिन नावाचं विष खळखळ उकळल्याशिवाय नष्ट होत नाही. मंद आचेवर अर्धवट शिजलेल्या राजम्याने जोरदार उलट्या होतात. आधी भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळ उकळा, मग पुढचं.

दोन, लाईट. आपल्याकडे लाईट कधी जाईल ते सांगता येत नाही. साधारण ५ ते ६० अंशांमध्ये जंतू भराभर वाढतात. तुम्ही क्लासमध्ये असताना लाईट किती वेळ गेली होती हे कळत नसेल, तर भांडं गरम दिसलं तरी ते अन्न टाकून द्या. जीव मटणापेक्षा महाग आहे.

तीन, व्होल्टेज. आमच्याकडचा कुकर मामांनी अमेरिकेतून आणलेला. प्लग लावण्याआधी मी खालची पट्टी वाचली : १२० व्होल्ट, २०० वॅट. आपल्याकडे २३० व्होल्ट. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेचार पट, सातशेच्या वर वॅट! कॉइल जळणार किंवा आग लागणार. फर्स्ट इयरचा फॉर्म्युला कुठे उपयोगी पडतो असं विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर. आम्ही स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावला.

आणि हो, रेक्टर सर, काळजी नसावी. हे रूममध्ये करायचं नाहीच. रूमच्या वायरिंगवर आधीच मोबाईल, लॅपटॉप आणि चोरून लावलेल्या कॉइलचा भार आहे. मेसवाल्या काकांनी एखाद्या रविवारी परवानगी दिली तर मोठ्या पातेल्यात, मंद गॅसवर, घट्ट झाकण ठेवून हेच तीन तासांत होतं. कांदे सोलायला मात्र सगळ्यांनी यायचं!