पाण्याशी भांडण

सकाळी ६. नगर जिल्ह्यातला ऊसपट्टा, जानेवारी. रात्रपाळीचा ऑपरेटर चार्ज देताना म्हणाला, "साहेब, ॲसिडची लाइन पहाटे धरायला लागली होती, वाफ सोडलीय." निर्जळ ॲसिटिक ॲसिड १६.६ अंशांलाच गोठतं आणि इथली पहाट त्याहून गार. थंडीत पहिली फेरी त्या पाइपाकडेच.

६.३०. कंट्रोल रूम. मळीपासूनचं अल्कोहोल, ॲसिटिक ॲसिड, जोडीला थोडं सल्फ्युरिक. तापवलं की इथाइल ॲसिटेट हे एस्टर तयार. एमिल फिशर आणि श्पायर यांनी १८९५ मध्ये मांडलेली ही कृती कॉलेजातलं पोरही करतं. पण सोबत पाणी तयार होतं, आणि ते साचलं की क्रिया उलटी फिरते. दोन्हींचे रेणू सारख्याच संख्येनं घेतले तर गाडी दोन-तृतीयांशावर अडते. ६० किलो ॲसिड, ४६ किलो अल्कोहोल. क्रिया पुरती शेवटास नेली तर हाती ८८ किलो एस्टर आणि १८ किलो पाणी. हे सगळे उंच कॉलम त्या १८ किलोंपायी उभे आहेत.

८ ते ११. नजर कॉलमच्या शेंड्यावरच्या तापमानावर. एकटं एस्टर ७७ अंशांना उकळतं. अल्कोहोल आणि पाणी चिकटलं की तिघं मिळून सत्तरलाच वर येतात. आकडा चढला की रिफ्लक्स, म्हणजे वरून कॉलममध्ये परत सोडलेला द्रव, वाढवायचा. वाफ थंड होऊन डिकँटरमध्ये येते; एस्टर वर, पाणी खाली. अल्कोहोल मात्र दोन्ही डगरींवर पाय ठेवून. त्याला खाली ओढायला वरून आणखी पाणी घालतो. पाण्यापासून सुटका हवी म्हणून पाणीच ओतायचं, हे नव्या ट्रेनीला पटता पटत नाही.

११.४५. लॅबमधून फोन. कार्ल फिशर पद्धतीनं ओलावा ०.०३ टक्के. (हा फिशर वेगळा, १९३५ चा.) माल पास.

१२.३०. टँकर. आधी अर्थिंगची क्लिप, मग होज. इथं घाई करणाऱ्याला मी सरळ बाजूला काढतो. उणे ४ अंशांवरही एस्टरची वाफ पेट घेऊ शकते, आणि हवेच्या तिप्पट जड असल्यानं ती खड्ड्यात, गटारात जाऊन बसते. मोबाइल गेटवरच. माल पॅकिंगच्या शाईवाल्याकडे चाललाय. ड्रायव्हर म्हणतो, फळासारखा वास येतो. आमची नाकं कधीच मेली.

१.५०. दुसरी पाळी आली. लॉगबुकात लिहिलं: स्टीम प्रेशर कमी, परतीच्या अल्कोहोलची टाकी भरत आलीय, ती उतरेपर्यंत ताजं कमी सोडा.