क्षयरोगाच्या औषधोपचारावर देखरेख कोणी करावी?

क्षयरोगाची औषधे राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातून विनामूल्य मिळतात. मग या कामासाठी देणगी कशाला, अशी पृच्छा काही हितचिंतक करतात. खर्च गोळ्यांचा नाही; त्या किमान सहा महिने न चुकता घेतल्या जाव्यात, यासाठीचा आहे. काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो आणि पुष्कळ रुग्ण औषध सोडतात. रोग उलटतो, प्रसंगी औषधांना दाद देईनासा होतो. यास्तव औषध कोणासमक्ष घ्यावे, अशी पद्धत रूढ झाली.

ती व्यक्ती आरोग्य कर्मचारी असावी की घरातील माणूस? पाकिस्तानातील ४९७ रुग्णांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या देखरेखीत ६४ टक्के, कुटुंबीयांच्या ५५ टक्के आणि स्वतःहून औषध घेणारे ६२ टक्के रुग्ण बरे झाले. संख्याशास्त्रीय दृष्ट्या हा फरक निर्णायक नव्हता. खर्चाचा हिशेब मात्र बोलका आहे. एका रुग्णाच्या बरे होण्यामागे आरोग्य केंद्रातील देखरेखीस ३१० डॉलर, वस्तीवरील आरोग्य सेवकाच्या देखरेखीस १७२, कुटुंबीयांच्या १८५ आणि देखरेखीविना १६४ डॉलर पडले. केंद्रावर रोज यायचे म्हणजे गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी आलीच. हा भार रुग्ण सोसतो. कोणत्याही रुग्णालयाच्या ताळेबंदात तो दिसत नाही. उलट घरची देखरेख वरकरणी फुकट वाटली, तरी बरे न झालेल्यांवरील खर्चही बरे झालेल्यांच्या हिशेबात धरावा लागतो.

नेपाळच्या डोंगराळ जिल्ह्यांतील २००६ चा निष्कर्ष निराळा आहे. तेथे कुटुंबीयांच्या देखरेखीत ८९ टक्के, तर गावातील स्वयंसेविका व आरोग्य कर्मचाऱ्यांच्या देखरेखीत ८५ टक्के उपचार यशस्वी झाले. देखरेख करणारा माणूस रुग्णाने स्वतः निवडला होता आणि औषधे त्या माणसाच्या हाती दर आठवड्यास दिली जात. आमच्या मते या दोन गोष्टींना फार महत्त्व आहे. घरातल्या सुनेने सासऱ्यांना ‘गोळी घेतलीत का?’ असे रोज विचारावे, ही अपेक्षा सर्व घरांत रास्त नव्हे. आजार सासरी लपविणाऱ्या स्त्रीस तर घराबाहेरचेच माणूस हवे.

म्हणून घरची देखरेख आम्ही स्वीकारतो, पण त्या घराकडे लक्ष ठेवणारी आरोग्यसेविका असावी, असा आमचा आग्रह आहे. आपली देणगी तिचे मानधन आणि प्रवासखर्च यांसाठी वापरली जाते.